बेचिराख गावाची हजेरी

मी न पाहिलेल्या जागा विकते. सांगलीत स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन मोबाइल, एक वही आणि सातबाऱ्यांच्या झेरॉक्स, एवढंच माझं ऑफिस. लांबच्या तालुक्यातली जागा हेरायची, मालकाला फोनवर पटवायचं, विसार देऊन साठेखत आपल्या नावावर करायचं आणि मुदत संपायच्या आत ते दुसऱ्या घेणाऱ्याच्या हवाली करून मधला फरक घ्यायचा. कागद कुरियरने जातात आणि येतात. जागा माझ्या मालकीची कधी होत नाही आणि मी जागेवर कधी जात नाही. नवरा म्हणतो, तू लग्नं जमवतेस पण अक्षता टाकायलाही जात नाहीस. अख्खी नोकरी एका बँकेत, एका खुर्चीवर काढलेल्या माणसाला असं वाटणारच.

मुरबाड तालुक्यातल्या एका जागेसाठी मात्र मला जावं लागलं. तिथे जे झालं ते घरात कुणाला धड सांगता येईना, म्हणून लिहून काढते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. वाचून कुणी जागा बघायला निघू नये, एवढ्यासाठीच.

त्या गावाच्या कागदांवर एक शब्द होता, बेचिराख. आपण तो जळून खाक झालेल्या गोष्टीसाठी वापरतो. महसुलाच्या दप्तरात त्याचा अर्थ वेगळा आहे. गाव नकाशात आहे, शेतं आहेत, सर्व्हे नंबर आहेत, पण राहतं घर एकही नाही. चिराग नाही, दिवा लागत नाही, म्हणून बेचिराख. मला तो शब्द वाचून आनंदच झाला. वस्ती नाही म्हणजे वाटेची भांडणं नाहीत, बांधावरून कोर्टकचेऱ्या नाहीत. जाहिरातीत मी लिहिलं, 'संपूर्ण मोकळी, शांत जागा.' ठाण्याचे देसाई काका-काकू निवृत्तीनंतर शेतघर बांधायचं म्हणून जागा शोधत होते, ते तीन फोनमध्ये तयार झाले. शुक्रवारी शहापुरात त्यांच्या वकिलाकडे सह्या ठरल्या. त्याने कागदात एक ओळ घातली होती: सदर जागेवर कोणाचाही वावर, वहिवाट अथवा वस्ती नाही, अशी लिहून देणार खात्री देत आहेत. लिहून देणार म्हणजे मी.

मंगळवारी देसाई काकूंचा फोन आला. माझा तिथला एजंट प्रकाश भोईर याने जागेचा व्हिडिओ पाठवला होता आणि मी तो न बघताच देसाईंना पुढे पाठवला होता. काकू म्हणाल्या, "विद्याताई, शेवटी एका जोत्यावर दिवा दिसतोय. तुम्ही म्हणता कुणी राहत नाही, मग तो लावतं कोण?"

प्रकाशला विचारलं तर म्हणाला, "कोनी नाय राहत मॅडम." दिव्याचं विचारलं तर म्हणाला, "तो हाय ना. तो रोजचा हाय." आणि रेंज गेली. बुधवारी संध्याकाळी मी कल्याणच्या गाडीत बसले.

गुरुवार, मुरबाड

मुरबाडला रेल्वे नाही. तालुक्याचं ठिकाण असून रेल्वे नाही, याचं तिथल्या माणसाला वाईट वाटतं आणि थोडा अभिमानही वाटतो. एसटी स्टँडसमोर चहा प्यायले. चहात गवती चहा नाही, आलं नाही, साखर मात्र सढळ हाताने. आमच्याकडे पाहुण्याला असा चहा दिला तर तो मनात ठेवील. पण सोबत उकडलेले करांदे मिळाले. बटाट्याचा रानातला भाऊबंद, जरासा कडवट. चार खाल्ल्यावर पाचवा मागायची लाज वाटली नाही.

प्रकाश चाळिशीचा, हसरा. सकाळी जीप चालवतो, दुपारी जागा दाखवतो. मी त्याच्या जीपमध्ये पुढे बसले. मागे बाजार करून निघालेल्या बायका आणि एक म्हातारा. भातकापणी होऊन गेली होती. शेतात नुसती खुंटं आणि त्यात कुठे कुठे वालाची पेरणी. आमच्या काळ्या जमिनीत पाय रुततो, इथे पायाखाली मुरूम करकरतो. लोक आमच्यापेक्षा कमी बोलतात, असं मनात टिपून ठेवलं. ते चुकीचं निघालं.

म्हातारा मागून वाकून म्हणाला, "सांगलीसनं आलीस का गो?"

मी म्हटलं, हो. प्रकाशने सांगितलं असणार.

"मान्यांची ना? विद्या माने?"

"हो."

"बरं झालं आलीस. आज तुझीच हाय."

मला वाटलं पुढच्या जागेबद्दल बोलतोय, म्हणून मी सरकून बसले. बायकांपैकी एक जण तोंडावर पदर घेऊन हसली. म्हातारा फाट्यावर उतरला आणि उतरताना मला नमस्कार करून गेला. असा नमस्कार आपण घरच्या सुनेच्या आईला करतो, परक्या बाईला नाही. मी प्रकाशला विचारलं, "माझी काय आहे आज?" तो गिअर टाकत म्हणाला, "सुमनताय सांगतील."

बेचिराख गावाची माणसं आता रस्त्याकडेच्या गावात राहतात, तीन पिढ्या झाल्या. तिथे शाळेच्या भिंतीला लागून एक पत्रा ठोकलेला होता, पिवळ्या रंगात रंगवलेला. त्यावर नावं. धोंडू शिंपी. भागा कुंभारीण. लक्ष्मण भोईर. गणा जाधव. सखाराम पाटील. काही इतकी जुनी की त्यांवर दोनदा रंग फिरवलेला. एकूण अठरा. अठरावं ताज्या रंगातलं: विद्या माने, सांगली.

मी घराच्या पाटीवरसुद्धा माझं नाव लावलेलं नाही. रंग बोटाने घासून बघितला, वाळलेला होता.

सुमनताई जाधव साठीच्या. तालुक्याच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, मुलगा कसाऱ्याला रेल्वेत. दारात निळा झेंडा, घरात एकही देव नाही, भांडी आरशासारखी घासलेली. "जय भीम," म्हणाल्या आणि थेट ताट वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भाजलेली सुकट. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दातांनी तोडावं लागतं, ही तोंडात विरघळते. मी जेवता जेवता भांडायला सुरुवात केली.

"माझं नाव तिथं कुणी लावलं?"

"आमी. प्रकाशनं कागद दाखवला त्याच दिवशी."

"अहो, पण मी मालक नाही. मी मधली आहे."

"मधली म्हंजे?"

"म्हणजे मी घेत नाही. माझ्याकडून दुसरे घेतात."

त्यांनी भाकरी वाढली. "कागदावर त्या जागेला तुमचं नाव हाय का नाय?"

"आहे, पण..."

"मग पाळी हाय. अठरा घरं, अठरा पाळ्या. दिवेलागणीला दिवा लावायचा आणि हजेरी घ्यायची. आज तुमची. आजवर आमी लावत होतो, आता तुमी आलात." मग माझ्याकडे बघून हसल्या. "घाबरू नका. आमी बौद्ध. आमच्याकडं भूत नाय, अंगात येनं नाय. ही नुसती हजेरी हाय."

गुरुवार, दिवेलागण

रस्त्यापासून पाऊण तास चालायचं. सांगलीच्या चपला या वाटेच्या नव्हत्या. ओढा ओलांडताना एकीचा अंगठा तुटला आणि सुमनताईंनी पिशवीतून सुतळी काढून तो बांधून दिला. त्यांच्या पिशवीत सुतळी, तेलाची बाटली, काडेपेटी, वाती आणि टॉर्च. त्यांनी हे सगळं रोजच्या कामासारखं केलं आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली.

गाव म्हणजे नुसती जोती. दगडी चौथरे एका ओळीत, मधून गल्ली, गल्ली मात्र स्वच्छ. कुणी राहत नाही तिथे गवत माजायला हवं होतं. इथे वाट झाडलेली होती. पाखरं उंबरावर येत होती आणि गप्प होत होती. मी फोनवर नकाशा काढला. आम्ही उभ्या होतो ती जागा माझ्याच साठेखतातली होती. देसाईंच्या आराखड्यात त्या गल्लीवर पोहण्याचा तलाव होता.

"पटकीची साथ आली तवाचं हे," सुमनताई म्हणाल्या. "माणसं घराबाहेर पडंनात. दिवेलागणीला एक जन मधी उभा राहून घराघराला हाक मारायचा. उत्तर आलं तर माणूस हाय. नाय आलं तर सकाळी जाऊन बघायचं."

"आणि मग?"

"मग काही घरांचं येईना. एक दिवस शेजारच्यानं त्या घरासाठी दिलं. का दिलं ते कोनाला म्हायत नाय. पण ज्याचं उत्तर नाय, तो गावातनं गेला ना? त्याला घालवायचं कोनी? सायब आला, त्यानं लिवलं, गावात दिवा नाय. तवापासनं दिवाबी हाय."

मधल्या जोत्यावर पत्र्याच्या डब्याचा आडोसा होता. मी वात पेटवली. दोन काड्या वाया गेल्या. मग त्यांनी मला वहीचं एक पान दिलं. "तुमी पुकारा. ज्याची पाळी तो पुकारतो."

मी शाळेत मास्तर पुकारायचे तसं पुकारलं, "धोंडू शिंपी."

"हं," असं उत्तर आलं. तोंड मिटून दिलेलं, पुरुषी. मी दचकून वळले. सुमनताईच होत्या. दातात दोरा धरल्यासारखे ओठ आवळलेले.

"भागा कुंभारीण."

"हाय गो, हाय." चिडकं, घाईचं.

"लक्ष्मण भोईर." लांबच्या शेतातून यावं तसं ओरडून "हाऽऽय".

प्रत्येक घराचा आवाज निराळा. सुमनताईंनी स्वतःच्या सासूकडून तो घेतलेला, सासूने तिच्या सासूकडून. ज्यांनी मूळ आवाज ऐकले होते त्यांतलं कुणी आज नाही. कुणी खाकरून बोलायचं, कुणी बोबडं. मी वाचत गेले आणि चौथऱ्यांकडे बघायचं बंद केलं. बघितलं तर कुणी तरी दिसेल, असं नव्हे. तिथे कुणी नाही हे दिसेल, आणि तरी उत्तर येईल, याची भीती होती.

"सखाराम पाटील."

बारीक, सात-आठ वर्षांच्या पोरीचा आवाज आला, "हाय." सुमनताई साध्या आवाजात म्हणाल्या, "त्या घरात शेवटी पोरगीच उरली होती. सात दिवस तीच उत्तर देत होती." आणि पुढचं नाव वाचायची खूण केली.

शेवटी माझं नाव आलं. स्वतःचं नाव स्वतः पुकारायचं, काय करणार. "विद्या माने."

कुणी बोललं नाही. दिव्याची वात फुरफुरली.

"तुमचा आवाज आमाला म्हायत नाय," सुमनताई म्हणाल्या. "म्हणून तुमच्या नावाला आजवर नुसतं थांबायचो. आज द्या तुमी."

मला हसू यायला हवं होतं. मी फोनवर दिवसाला शंभर वेळा बोलते, समोरच्याला हवं ते बोलते. तिथे मात्र हा एक शब्द मला महाग वाटला. कारण उद्या शहापुरात मला लिहून द्यायचं होतं की इथे कुणी नाही. घसा साफ केला आणि म्हटलं, "आहे." आमच्या सांगलीचं 'आहे', शेवटी जरा वर चढणारं.

सुमनताईंनी मान तिरपी करून ऐकलं. त्यांचे ओठ हलले. आवाज न काढता त्यांनी तो शब्द एकदा घोळवून बघितला, मीठ चाखून बघावं तसा. मग मान डोलावली.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "देसाई भिंत घालणार आहेत. ती घातल्यावर काय कराल?"

"बाहेरनं हाक मारू."

"मग हरकत नाही."

"हरकत काय. पन भिंतीबाहेरनं हाक मारली तर ती उठून गेलेल्यांना मारल्यासारखी होते. हितं होते ती गावात असलेल्यांना." त्या टॉर्च माझ्या पायांपुढे धरून चालत होत्या. "मी तुमाला काय सांगत नाय ताय. तुमचा धंदा हाय."

शुक्रवार, सापगाव आणि शहापूर

प्रकाशने सकाळी जीपने सोडलं. सापगावच्या पुलाआधी आम्ही वडापाव खाल्ला. खाली भातसा नदी भरून होती. पुलावर एक बाई धुतलेली गोधडी पिळत होती आणि तिचा नवरा दुसरं टोक धरून उलटीकडे पिळत होता. दोघं भांडत होती. ते बघून मला फार बरं वाटलं. सबंध प्रवासात त्याच एका गोष्टीचा मी फोटो काढला.

प्रकाश म्हणाला, "मॅडम, सही करा. तुमी नाय केली तर दुसरा करल." त्याचं बरोबर होतं. त्याचंही नाव त्या पत्र्यावर होतं, पणजोबाच्या रूपाने. तरी त्याचं बरोबर होतं.

शहापुरात वकिलाच्या खोलीत देसाई काका-काकू आधीच येऊन बसले होते. काकूंनी माझ्यासाठी घरून नारळाच्या वड्या आणल्या होत्या. माणसं चांगली होती. तीच अडचण होती. वाईट माणसाला ओळखून नाही म्हणता येतं. वकिलाने ओळीवर पेन टेकवलं.

मी म्हटलं, "ही ओळ बदलावी लागेल. तिथे वहिवाट आहे. रोजची."

काका म्हणाले, "कुणाची? मला नावं सांगा. आपण त्यांना काही तरी देऊन बाहेर काढू."

"त्यांना काढता येणार नाही."

"का? किती वर्षं राहतायत?"

"ते राहत नाहीत."

वकील हसला. काका हसले नाहीत. उभ्या आयुष्याची कमाई घेऊन आलेला माणूस होता तो. "ताई, मला कोड्यात टाकू नका. तिथे माणसं आहेत की नाहीत? एका शब्दात सांगा."

"आहे," मी म्हणाले.

'आहेत' म्हणायला हवं होतं. मी 'आहे' म्हणाले, घसा साफ करून, शेवटी आवाज जरा चढवून. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काय कळलं मला ठाऊक नाही, पण नवऱ्याचा हात धरून म्हणाल्या, "चला. ही जागा नको." वड्यांचा डबा तिथेच राहिला. मी तो प्रकाशला दिला.

सांगली

साठेखताची मुदत महिनाअखेर संपली आणि विसार बुडाला. नवऱ्याला मी सांगितलं, कागदात खोट निघाली. एजंटांच्या ग्रुपवर मात्र स्पष्ट लिहिलं की जागेवर वहिवाट आहे, म्हणून अजून कुणी पुढे आलेलं नाही. जागेचा मूळ मालक, बदलापूरचा, माझ्यावर चिडून आहे. गल्ली झाडलेलीच आहे, असं प्रकाश सांगतो.

माझं नाव मात्र मला तिथे नको होतं. कागद संपला, आता पाळीही संपली, असा मी हिशेब केला. सुमनताईंना फोन लावून म्हटलं, नाव काढा. त्या म्हणाल्या, "नाव लावतो आमी. काढत नाय."

"मग माझ्या पाळीला काय करायचं? मी काही दर अठरा दिवसांनी येऊ शकत नाही."

"नका येऊ. फोन करीन. तुमी फोनवर ऐका, बास."

मला ते पटलं. उलट जरा छानही वाटलं. इतक्या जागा हातांखालून गेल्या, कुठल्याच गावाने माझी आठवण ठेवली नव्हती.

गेल्या सोमवारी माझी पाळी होती. मी गॅसवर कुकर लावला होता. साडेसहाला फोन आला. सुमनताईंनी स्पीकर लावून मोबाइल जोत्यावर ठेवला असावा, वाऱ्याचा घरघराट येत होता. माझ्याऐवजी पुकारणारी त्यांची सून होती, नवखी, अडखळत वाचणारी. धोंडू शिंपी, हं. भागा कुंभारीण, हाय गो, हाय. पोरीचा आवाज आला तेव्हा मी कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅस बंद केला.

मग सून म्हणाली, "विद्या माने."

मी घसा साफ करून तोंड उघडलं. तेवढ्यात तिकडून कुणी तरी घसा साफ केला आणि म्हणालं, "आहे." शेवटी जरा वर चढवून. तो माझा आवाज होता. जन्मभर मी तो आतून ऐकत आले आहे आणि फोनवर बाहेरून आलेला ओळखला.

"अहो, थांबा!" मी ओरडले. "मी आहे! सुमनताई, मी आहे अजून, इथे आहे!"

मग सुमनताई मोबाइलजवळ वाकल्या असाव्यात, कारण आवाज अगदी कानाशी आला. समजूत घालावी तसा.

"झालं ताय. तुमचं उत्तर आलंय."